धुळाचे बैल

रहिमतपूरच्या बाजारातून परतणाऱ्या गाड्यांतले निम्मे गाडीवान झोपलेले असायचे आणि उरलेले झोपेचं सोंग घेतलेले. बाजार उरकला की ओढ्याकाठच्या झोपडीत बसून दोन घोट पोटात ढकलायचे, कासरा गाडीला गुंडाळायचा आणि कडब्यावर अंग टाकायचं, बस. बैल बिनचूक दारात आणून उभे करायचे. घरची बाई आधी बैलांच्या पायांवर पाणी ओतायची, त्यांना भाकरीचा तुकडा द्यायची आणि मग नवऱ्याकडे वळायची. त्याच्या वाट्याला काय यायचं ते सांगण्यात अर्थ नाही. पिऊन गाडी हाकण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण गाडीवान प्यालेला असला तरी बैल शुद्धीवर असत. पोरंही हेच बघत वाढत. मिसरूड फुटलं की पहिला घोट बाजाराच्या दिवशीच व्हायचा, आणि तो कुणीतरी चुलताच पाजायचा.

मग लढाई संपली आणि गावात बैल नसलेली गाडी आली.

ती आणली लालासाहेब हवालदारांनी. मिसरच्या वाळवंटात चार वर्षं लष्करी लारी चालवून ते परतले होते. घरी बागायती ऊस, नावाला मान, त्यात पुण्याच्या लिलावातून हिरवी लारी आणल्यावर ते रस्त्यानं निघाले की माणसं उठून उभी राहू लागली. त्यांचा मुलगा नाथाजी सतरा वर्षांचा. मोकळ्या रानात दहा-बारा फेऱ्या मारून तो लारी शिकला आणि पंधरा दिवसांत बापाच्या वर शहाणा झाला. या वयातली पोरं शहाणी लवकर होतात, हे एक वाईट आहे.

धुळा त्याचा जोडीदार, वयानं त्याच्याएवढाच. गावाबाहेरच्या टेकावर धनगरांची पाच-सात घरं होती, त्यातलं शेवटचं धुळाचं. बापानं दारूपायी मेंढरं घालवली आणि मागोमाग स्वतःही गेला. उरली आई बयाबाई, तीन एकर माळ आणि खिलारी बैलांची जोडी, पाखऱ्या आणि चिमण्या. बाप गेल्यावर बयाबाईनं पोराला बिरोबाच्या देवळात नेलं आणि दारूला शिवणार नाही म्हणून त्याच्याकडून भंडारा उचलवला. भंडारा उचलून दिलेला शब्द त्या माणसांत मोडत नाहीत. धुळानंही तो कधी मोडला नाही. नाथाजी त्याला चिडवायचा, "तुझ्या वाटणीची बी मलाच प्यावी लागती, गड्या." धुळा हसायचा आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचा. बैल हाकताना त्याला चाबूक लागत नसे. तो मागून गाडीत चढला की बैल मान वळवून बघायचे आणि तो पुढं येऊन बसला की चालू लागायचे.

पौषातल्या बाजाराच्या दिवशी लालासाहेब पेन्शनच्या कागदासाठी साताऱ्याला गेले. नाथाजीनं लारी काढली, बापाच्या ट्रंकेतली रमची बाटली काढली आणि धुळाला बोलावलं. रहिमतपुरात लारी भर बाजारातून दोनदा फिरवून झाली. परतताना दिवस कलला होता. नाथाजी एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं पीत होता. निम्मी बाटली संपल्यावर धुळानं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि आपल्या मांडीत धरली.

"आन हिकडं."

"नगं. घर येऊ दे, मग दीन."

"आरं, गाडी जाती घरी. तू गप पड."

नाथाजीला खरंच तसं वाटत होतं. अंग हलकं झालं होतं, थंड वारा लागत होता, आणि गाडी आपली घरच्या वाटेनं निघाली होती. पिढ्यान् पिढ्या याच वाटेनं त्याचे आजे-पणजे असेच झोकांड्या खात घरी गेले होते.

ओढ्याच्या वळणावर जांभळीचं जुनं झाड आहे. ते एकदम समोर आलं. आणि नाथाजीनं तेच केलं जे त्याच्या हातापायांना लहानपणापासून ठाऊक होतं. दोन्ही हातांनी चाक छातीकडे ओढलं, दोन्ही पाय पुढं रेटले आणि ओरडला, "हो, हो, हो!" बैल असते तर जागच्या जागी थांबले असते. लारीत मात्र त्याचा उजवा पाय होता तो वेग द्यायच्या पट्टीवर. धुळा काहीतरी बोलला. मग झाड आलं.

नाथाजीच्या कपाळाला खोक पडली, एवढंच. धुळा जाग्यावरच गेला होता.

साताऱ्याहून आलेल्या मोटारीतून फाट्यावर उतरून लालासाहेब तेवढ्यात चालत येत होते. त्यांनी आधी पोराला चाचपलं, मग त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग दुसऱ्या बाजूला जाऊन बघितलं. लढाईत त्यांनी पुष्कळ बघितलं होतं. 

"पाय धर," ते म्हणाले.

"आबा..."

"पाय धर म्हणतो न्हवं."

नाथाजीनं पाय धरले. बापानं काखेत हात घातले. दोघांनी मिळून धुळाला उचललं आणि चाकाच्या मागं, नाथाजीच्या जागेवर बसवलं. धुळा अंगानं बारका होता, पण तेव्हा तो भलताच जड लागला. बाटली त्याच्या मांडीत फुटली होती आणि धोतर, कोपरी सगळं रमनं भिजलं होतं. त्यामुळं फौजदाराला फार काही विचारावंच लागलं नाही. धनगराच्या पोरानं दारू चोरली, लारी पळवली आणि जीव गमावला. नाथाजी बाजारात ताप भरला म्हणून आधीच दुसऱ्याच्या गाडीतून घरी येऊन पडला होता, असं ठरलं, आणि कपाळाची खोक मुंडाशाखाली गेली. लारीचं नुकसान झालं म्हणून हळहळणारेही गावात होतेच.

बयाबाई पोराच्या अंगावर पडून रडली नाही. दारू प्याला होता, हे कुणीतरी सांगितलं तेव्हा मात्र ती मटकन खाली बसली. त्यानंतर ती बिरोबाच्या देवळाची पायरी चढली नाही.

महिनाभरानं लालासाहेबांनी तिची बैलगाडी आपल्याकडे आणली. बाईमाणूस गाडी कशी हाकणार, बैलांना चारा कुठून घालणार, आपण सांभाळू, असं ते चारचौघांत म्हणाले. लोकांनी त्यांचा मोठेपणा वाखाणला. गाडी टेकावरून घेऊन यायला ते स्वतः गेले होते, आणि आले ते बैलांच्या बाजूनं पायी चालत आले. सांधे धरलेत, बसवत नाही, म्हणाले. त्या गाडीत ते पुन्हा कधी बसले नाहीत.

लारी मोडून पडली होती आणि ऊस गुऱ्हाळावर न्यायचा होता, म्हणून गाडी नाथाजीच्या हाती आली.

पहिल्याच दिवशी, उसाची खेप टाकून रिकाम्या गाडीनं परत येताना, ओढ्याच्या वळणावर बैल थांबले. सूर्य डोक्यावर होता. जांभळीची सावली बुंध्याशी गोळा झाली होती आणि पान हलत नव्हतं. नाथाजीनं कासरा झटकला, जीभ टाळूला लावून आवाज केला, पण बैल हलेनात. जनावर बुजतं तेव्हा कान मागं टाकतं, नाकपुड्या फुलवतं, हे त्याला माहीत होतं. हे दोघं बुजले नव्हते. त्यांनी माना वळवल्या आणि मागं बघितलं. पाखऱ्यानं तर शेपूट हलवली.

मग गाडीचं मागचं अंग दबलं. जू बैलांच्या मानेवरून बोटभर वर उचललं गेलं, मागून कुणी चढलं की उचललं जातं तसं. गाडीच्या तळाच्या, साटीच्या फळ्या एकामागून एक कुरकुरल्या. जू पुन्हा मानेवर टेकलं. नाथाजीच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर, घोंगडीचा ओलसर वास आला. बैल आपसूक चालू लागले.

त्यानं मागं बघितलं नाही. त्याच्या जागी तुम्हीही बघितलं नसतं. मळ्यात पोचल्यावर खाली उडी टाकून त्यानं गाडी न्याहाळली तेव्हा साटीत उसाची चार पाचटं पडलेली होती, आणखी काही नाही. रानातल्या चाकोरीकडे मात्र त्याची नजर गेली. रिकाम्या गाडीची चाकं भरल्या गाडीएवढी खोल रुतली होती.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही. नाथाजीनं वेळ बदलून बघितली. सकाळी गेला तर वळणावर कुणी नसायचं. पण काहीतरी निघायचं, गुऱ्हाळाचं चुलाण भरलेलं असायचं किंवा चाकाची लोखंडी धाव निसटायची, आणि परतीला हमखास बारा वाजायचे. वाट बदलायला दुसरी वाट नव्हती. त्याचं जेवण तुटलं. आई हरणाबाईनं मीठ-मोहरी ओवाळून टाकली आणि पोराला कुणाची तरी नजर लागली म्हणाली. लालासाहेबांनी ते ऐकलं आणि पान अर्धं टाकून उठले.

सगळ्यात वाईट हे होतं की ते ओझं नाथाजीच्या ओळखीचं होतं. मागून गाडी दबली की त्याच्या हातांना आपोआप ते कळायचं. एकदा त्यानं ते पायांकडून उचललं होतं.

गुऱ्हाळावरचा केरबा गुळव्या म्हातारा आणि तोंडाचा फटकळ. एक दिवस त्यानं बैलांच्या मानेवरून हात फिरवला आणि भुवया चढवल्या.

"खांदं आलं की रं दोघांचं. अर्धी खेप आणतोस, जाताना रिकामा जातोस, मग एवढं कशानं आलं?"

"जू बसत न्हाई नीट," नाथाजी म्हणाला.

"जू जुनंच हाय. धुळा हाकत व्हता तवा न्हाई आलं कवा." केरबानं तेलहळद लावली आणि सुजलेल्या मानांकडे बघत राहिला. "कुणाला आणतोस काय तू वाटंत बसवून?"

नाथाजी जू सारखं करायला वाकला. केरबानं पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तो बैलांना हात लावण्याआधी पायातली वहाण काढू लागला.

शनिवारी दुपारी वळणावर बैल थांबले, गाडी दबली, जू उचललं आणि टेकलं. नेहमीसारखे चालूही लागले. पण पुढं जिथं वाट फुटते तिथं त्यांनी मळ्याकडे तोंड केलं नाही. ते टेकाकडे वळले. नाथाजीनं कासरा ओढला, बोटांना वळ उठले. बैल घरी निघाले होते, आणि घरी निघालेल्या बैलांना कोण अडवणार? त्यानं कासरा सोडून दिला. उडी मारावी असं त्याच्या मनात आलं. पण मागं जो बसला होता त्याला एकट्याला सोडून पळायचं त्याच्यानं दुसऱ्यांदा झालं नाही.

बयाबाई दारात बसून चातीवर लोकर कातत होती. गाडी बघून ती उठली नाही, दचकलीही नाही. सूत गुंडाळून झाल्यावर आत जाऊन तांब्या आणि भाकरी घेऊन आली. बैलांच्या पायांवर पाणी ओतलं, तुकडे चारले. सुजलेल्या मानेवर तिचा हात थांबला.

"लय वडवलंस रं बैलांस्नी," ती म्हणाली. हे ती नाथाजीला म्हणत नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून साटीत बघत होती.

नाथाजीनं मान वळवली नाही. "मावशी, कुणाशी बोलतीस?"

"तुला ठावं न्हाई व्हय? रोज तुझ्याच तर गाडीत येतोय." तिनं पदरानं हात पुसले. "तू मळ्यात पोचलास की त्यो तितं उतरतोय आन चालत येतोय. ह्या बाभळीखाली बसतोय दिसभर. आज बैलांनीच आणला म्हणायचा."

"आन आत?"

"आत न्हाई येत. कुठल्या तोंडानं येणार? देवाचा भंडारा उचलून दारू प्याला." तिचा आवाज चढला नाही. "मी बी बलवत न्हाई. आईचा शबूद मोडला असता तर पदरात घातला असता. देवाचा मोडला. त्यो बाहीर बसतोय आन मी आत बसती. चाललंय."

दारातल्या तिच्या चुलीवर दोन भाकऱ्या दिसत होत्या. दोन्ही वाळून वाकड्या झाल्या होत्या. नाथाजी त्या भाकऱ्यांकडे बघत राहिला. धुळा मेला याला त्यानं एक वेळ नशीब म्हटलं असतं. पण हे जे चाललं होतं, हे मायलेकरांनी एकाच दारात अलीकडं-पलीकडं बसणं, हे त्याचं नि त्याच्या बापाचं काम होतं. एक वाक्य बोललं की हे मिटणार होतं. त्याच वाक्यानं बाप तुरुंगात जाणार होता, आपण जाणार होतो, नाव मातीत जाणार होतं. तो गाडीवरच बसून राहिला. पाठीमागं घोंगडीचा वास येत होता आणि कुणीही त्याला घाई करत नव्हतं. कुणी गळा धरला असता तर बरं झालं असतं.

"मावशी," तो म्हणाला, "त्यो प्याला न्हवता."

बयाबाईनं त्याच्याकडे पहिल्यांदा बघितलं.

"मी प्यालो व्हतो. लारी बी मीच चालवत व्हतो. त्यानं बाटली माझ्याकडनं काढून घेतली, मी आणिक पिऊ नये म्हणून. ती त्याच्या मांडीत फुटली. थेंब न्हाई गेला त्याच्या तोंडात. आबानं आन मी उचलून त्याला माझ्या जाग्यावर ठिवला. मी पाय धरलं व्हतं."

चाती तिच्या हातातून निसटली आणि लोकर मातीत उलगडत गेली. ती ओरडेल, दगड उचलेल, असं नाथाजीला वाटलं. ती गाडीजवळ आली.

"शेवटाला काय बोलला का?" तिनं विचारलं.

हे नाथाजीनं कुणालाच सांगितलं नव्हतं, बापालाही नाही. रात्रंदिवस त्याच्या कानात तेवढंच होतं.

"मी चाक वडलं. बैलावाणी. हो हो म्हणलो. तवा त्यो म्हणला..." त्यानं बैलांकडे बघितलं. "म्हणला, 'आरं नाथाजी, कासरा न्हाई त्यो.'"

बयाबाईच्या तोंडावर काहीतरी आलं. हसू असावं, पण ते पुरतं येण्याआधीच मोडलं. "बराबर बोलला," ती म्हणाली. "गाडीतलं त्याला समद्यांपरास जास्त कळायचं." मग डोळे न पुसताच म्हणाली, "उद्या ऐतवार. बिरोबाम्होरं भंडारा उचलायचा आन हे समदं बोलायचं. लोकांच्या देखत. तुझा बा असंल तरी आन नसंल तरी."

"व्हय."

तिनं तांब्या पुन्हा भरून आणला. बैलांना ओलांडून ती गाडीच्या मागं गेली आणि माणूस पाय टेकतो तिथं, मोकळ्या मातीवर, पाणी ओतलं.

"चल आत," ती म्हणाली. "माझीच चूक झाली, बाबा. चल. भाकरी दुसरी करती."

साटीच्या फळ्या कुरकुरल्या. मागचं अंग दबलं, जू वर उचललं गेलं आणि मग हलकं होऊन मानेवर टेकलं, इतकं हलकं की पाखऱ्यानं मान झटकून खात्री करून घेतली. ओल्या मातीपासून दारापर्यंत काही दिसलं नाही. बयाबाई बाजूला सरली, कुणाला तरी वाट दिली, आणि पाठोपाठ आत जाऊन तिनं दार ओढून घेतलं.

नाथाजीनं बैलांना निघायला सांगून बघितलं. ते निघणार नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं त्यांना सोडलं आणि त्यांच्या जुन्या दावणीला बांधलं. दावण झाडून ठेवलेली होती, रोज झाडत असावी. मग तो पायी निघाला.

जांभळीच्या वळणावर लालासाहेब उभे होते. पोराला उशीर झाला म्हणून शोधायला आले असावेत. पण झाडाच्या बाजूला न येता ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, उन्हातच उभे होते. नाथाजीला एकदम कळलं की ते इथून नेहमी असेच, पलीकडच्या कडेनं जात असणार.

"बैल कुठायत?"

"घरी सोडलं."

लालासाहेबांनी कोणाच्या घरी हे विचारलं नाही.

"उद्या देवळात समदं सांगणार हाय मी, आबा," नाथाजी म्हणाला. "तुमी बी या."

लढाईतून परतलेला तो माणूस काठीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. तो रागावेल, मारेल, समजावेल म्हणून नाथाजी थांबला. लालासाहेब त्याच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होते.

"उतरला का त्यो?" त्यांनी हळूच विचारलं.

"उतरला."

लालासाहेब मान हलवत खाली, वाटेच्या धुळीतच बसले, आणि नाथाजी त्यांना उठवायला गेला तेव्हा पायातली वहाण काढत म्हणाले, "येतो मी उद्या."